मास्टरांची चारची उपासना

रविवारी चार वाजता उपासना सुरू झाली. चार वाजून वीस मिनिटांनी मास्टरांच्या मुलीचा फोन आला. मास्टर गेले होते. ती म्हणाली, सगळ्यांना घेऊन या. मी आत गेले. उपासना साडेपाचला संपली. मग मी सांगितलं.

यावरून मंडळीत अजून बोललं जातं. कुणी म्हणतं, बाईंना काळीज नाही. कुणी म्हणतं, शिकलेली माणसं अशीच कोरडी असतात. मी कुणालाच काही बोलले नाही. मला तोंडावर बोलता येत नाही. लिहिता येतं, तेही सावकाश. हे लिहिते आहे ती सफाई नाही आणि माफी तर नाहीच. पण मास्टर कसे होते हे ठाऊक नसेल तर त्या रविवारी मी काय केलं हे कुणाला कळायचं नाही.

सुरतेत उधन्याला गुजराती मंडळीचं चर्च आहे. सकाळी नऊला त्यांची उपासना आणि दुपारी चारला आमची, मराठी. इमारत त्यांची, बाकं त्यांची, चपला ठेवायची फळीसुद्धा त्यांची. आम्ही चाळीसेक माणसं. जालना, नगर, धुळे, नंदुरबार अशा ठिकाणांहून पोटासाठी आलेली. बहुतेक लूमवर म्हणजे यंत्रमागावर, काही सचिन गावच्या डाइंग मिलमध्ये, दोघं हजीऱ्याच्या कारखान्यात कंत्राटावर. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते आणि वाचनालयाची दोन कपाटं सांभाळते. आम्हाला आमचा पाळक नव्हता. नवापूरकडून एक पाळकसाहेब महिन्याच्या पहिल्या रविवारी येत, प्रभुभोजन देत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. बाकीचे रविवार आमचे आम्हीच. आमचे आम्हीच म्हणजे मास्टर, असं सगळेच समजत. फक्त मास्टरांना तसं वाटत नसे.

मास्टर हे काही त्यांचं नाव नव्हतं. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, यंत्र अडलं की ज्याला हाक मारतात, नव्या कारागिराला जो शिकवतो, त्याला इकडे मास्टर म्हणतात. ते पर्वत पाटिया भागातल्या एका खात्यात होते. मूळचे धुळ्याकडचे, घरात अहिराणी बोलणारे. आयुष्यभर लूमच्या खडखडाटात उभं राहून कान निम्मे गेले होते. आपण हळू बोलतो आहोत असं त्यांना वाटे तेव्हा ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाई. एकदा भर प्रार्थनेत, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना, ते शेजारच्या मावशींच्या कानाशी लागून म्हणाले, "मावशी, गॅस बंद करून आलात ना?" चाळीस माणसांनी डोळे उघडले. मावशी उठून घरी गेल्या, कारण गॅस खरंच चालू होता.

नवा कारागीर लूमवर आला की मास्टर त्याच्या मागे उभे राहत. उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट धरलेलं, दोन्ही हात पाठीमागे. तार तुटली, कापडात दोष जाऊ लागला, शेठ दारातून ओरडू लागला, तरी ते हात सुटत नसत. "तू कर, मी देखस," एवढंच म्हणायचे. मी एकदा विचारलं, हात असे का धरता? म्हणाले, "नाही धरले तर ते आपोआप पुढं जातात बाई. आणि माझा हात पुढं गेला, की त्या माणसाचा मागं जातो."

चर्चमध्येही ते असेच उभे राहत. खिडकीपाशी, हात मागे.

त्यांची सगळी पद्धत खात्यातून आलेली होती. लूमवर पाळी बदलताना यंत्र बंद करत नाहीत. सकाळी सातला दिवसपाळीचा माणूस येतो, रातपाळीचा उभाच असतो. एकाची नजर कापडावरून उठते आणि दुसऱ्याची तिथेच बसते. बोलणं ऐकूच येत नाही, म्हणून हातानेच खूण होते आणि जाणारा जातो. "पाळी बदलते, लूम नाही," हे मास्टर इतक्या वेळा म्हणायचे, की शब्बाथ शाळेतली मुलं त्यांची नक्कल करताना पहिल्यांदा तेच वाक्य घेत.

आमच्या मंडळीची अडचण नेमकी पाळीचीच होती. रविवारी खातं बंद असतंच असं नाही. या पंधरवड्यात जो दिवसपाळीला तो चारला येऊ शकत नाही, पुढच्या पंधरवड्यात दुसरा कुणी येत नाही. आज गाणं उचलणारा पुढच्या रविवारी लूमवर. म्हणून मास्टरांनी नियमच केला होता: कुठलंही काम एका माणसाचं नाही, आणि काम द्यायचं ते चालू असतानाच द्यायचं, थांबवून नाही. पाठ वाचणारा अध्यायाच्या मध्यावर पुस्तक पुढे करी आणि ज्याच्याकडे करी त्याने पुढच्याच शब्दापासून वाचायचं. प्रार्थना करणाऱ्याच्या खांद्यावर हात पडला की त्याने गप्प व्हायचं आणि हात ठेवणाऱ्याने पुढे चालवायचं. सुरुवातीला आम्ही अडखळायचो, हसायचो. मग सवय झाली. मग तर असं झालं, की एकच माणूस सलग बोलू लागला की आम्हाला चुळबुळ व्हायची.

पाळकसाहेबांबरोबर एकदा चर्चच्या मुख्य कार्यालयातले एक साहेब आले होते. डाइंग मिलमधले भाऊ आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत होते. मध्येच त्यांच्या खांद्यावर हात पडला आणि जालन्याच्या एका बाईंनी पुढे सुरू केलं. साहेबांनी एक डोळा उघडला. तिसऱ्या माणसाने घेतलं तेव्हा दुसराही उघडला. चहाच्या वेळी ते मास्टरांना म्हणाले, "अहो, प्रत्येकाने आपली प्रार्थना आमेन म्हणून संपवावी, ही रीत आहे."

"आमेन आहे की साहेब. शेवटी आहे."

"पण प्रत्येकाचं वेगळं नको?"

"देव वेगळा आहे का?" मास्टरांनी विचारलं, आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, त्यामुळे व्हरांड्यात बसलेल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं.

कामं वाटण्याची त्यांची तऱ्हाही उलटी होती. ज्याला जे येतं ते त्याला ते देत नसत. घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवणाऱ्या एक मावशी होत्या, त्याच त्या गॅसवाल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. मास्टरांनी आजाऱ्यांची यादी त्यांच्याकडे दिली. मी म्हटलं, "त्या यादी ठेवणार कुठे?" मास्टर म्हणाले, "त्यांना विचारा." मावशींनी यादी डोक्यात ठेवली. दर रविवारी उभ्या राहून त्या विचारत, "मागच्या वेळचं कोण बरं झालं? हात वर करा. तू का वर करत नाहीस गं? काल तर बाजारात दिसलीस, चांगली कोबी निवडत होतीस." माणसं लाजून हात वर करत आणि यादीतून कमी होत. लिहिलेल्या यादीत आजारी माणूस वर्षभर आजारीच राहिला असता.

मी चार वर्षं दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत होते. उपासनेआधी पुस्तक वाचायचं, संपली की आधी निघायचं. एके दिवशी मास्टर येऊन समोर उभे राहिले. मला वाटलं, पाठ वाचायला सांगतील. मी मनात तयारही होते.

"बाई, पुढच्या रविवारपासून तुम्ही दारात."

"दारात काय करायचं?"

"येईल त्याला सलाम करायचा. नाव घेऊन. आणि घरचं एक तरी विचारायचं."

"मला ते जमत नाही मास्टर. मला वाचायला द्या, मी चांगलं वाचते."

"ते येतंच तुम्हाला. त्यात तुमचं काय व्हायचं?"

तीन महिने मी दारात उभी राहिले. पहिल्या रविवारी अकरा माणसांची नावं मला ठाऊक नव्हती, ज्यांच्या मागे मी चार वर्षं बसत होते. मी मास्टरांचा राग राग केला. एकदा तर डोकं दुखतं सांगून गेलेच नाही. त्या रविवारी दारात कुणीच उभं नव्हतं, हे मला नंतर कळलं. मास्टरांनी दुसरं कुणी उभं केलं नव्हतं. जागा तशीच मोकळी ठेवली होती, सगळ्यांना दिसावी म्हणून. पुढच्या रविवारी निम्म्या माणसांनी आत येता येता मलाच विचारलं, "बाई, डोकं कसं आहे?"

ते नेहमी बरोबरच असत असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसाला देवमाणूस करून टाकण्याची घाई मला नाही. नाताळच्या एका उपासनेत त्यांनी गाणं उचलायला एका मुलीला उभं केलं. नगरकडची, नुकतं लग्न होऊन आलेली. तिने फार वरच्या पट्टीत सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला सगळ्यांचे आवाज फाटले. मास्टर खिडकीपाशी, हात मागे. "परत," म्हणाले. तिने पुन्हा तिथूनच घेतलं. "परत." तिसऱ्यांदा ती रडायला लागली. गाणं त्यांना येत होतं. एक ओळ उचलून दिली असती तरी भागलं असतं. दिली नाही. ती मुलगी पुढच्या रविवारपासून सकाळच्या गुजराती उपासनेला जाऊ लागली, ती कायमची.

मी भांडले. माझ्या पद्धतीने, म्हणजे दोन वाक्यांत. "मास्टर, तुम्ही चुकलात. एवढं ताणायचं नसतं."

त्यांनी खिडकी लावून घेतली. ऐकू आलं नाही असं समजून मी निघाले, तेव्हा म्हणाले, "तिथं गाते का ती?"

"गाते."

"मग ठीक." चुकलो असं ते म्हणाले नाहीत. पण नंतर कधी कुणाला तिसऱ्यांदा "परत" म्हणाले नाहीत, एवढं मी पाहिलं आहे.

आता ज्या गोष्टीवरून सगळं सुरू झालं, ती. मे महिना होता, लाइट गेल्यामुळे खातं बंद होतं. मास्टरांच्या खात्यातले एक कारागीर, अकोल्याकडचे, हत्यारांच्या पेटीची किल्ली द्यायला चर्चपाशी आले. आमच्या मंडळीतले नव्हेत. त्यांच्या घरी गणपती बसतो, घरच्या मोदकांचा डबा मास्टरांसाठी दरवर्षी यायचा. बाहेर ऊन मरणाचं. मास्टरांनी खिडकीतूनच खूण केली, आत सावलीत बसा. ते तिसऱ्या बाकाच्या कडेला बसले. पाठ चालू होता. त्या कडेला ज्याची पाळी होती तो माणूस आला नव्हता. डाइंग मिलवाल्या भाऊंनी अध्यायाच्या मध्यावर सवयीने, न बघता, पुस्तक त्या कडेला पुढे केलं.

आणि अकोल्याच्या भाऊंनी घेतलं. वीस वर्षं लूमवर काढलेल्या माणसासमोर चालू काम आलं, की त्याचे हात त्याला विचारत नाहीत. उभे राहिले, पुढच्याच शब्दापासून वाचलं, कुठेही न अडखळता. अध्याय संपला तेव्हा इकडे तिकडे बघून म्हणाले, "आता कुणाला देऊ?"

मंडळी हसली. मास्टरही हसले, मी त्यांना तसं फार वेळा पाहिलं नाही. नंतर व्हरांड्यात मी भाऊंना म्हटलं, छान वाचलंत. ते ओशाळले. "त्यात काय बाई, आमच्या गावाकडं पारायणाला पोथी अशीच फिरते. एकाचा घसा बसला की दुसरा घेतो. थांबायचं नसतं, एवढं ठाऊक होतं."

पण कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि ते गुजराती मंडळीच्या कमिटीपर्यंत गेलं. बाहेरचा माणूस पुढे उभा राहून शास्त्र वाचतो, हे कुणी धर्मांतर म्हणून बाहेर दाखवलं तर चर्चच्या दाराशी काय होईल, ही त्यांची भीती. ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. आजकालचे दिवस त्यांनाही ठाऊक आहेत, आम्हालाही. पण भीतीच्या निमित्ताने त्यांनी दुसरंच ताट वाढलं.

कमिटीने मास्टरांना बोलावलं. लिहून घ्यायला म्हणून मी बरोबर गेले. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन, मोजकं बोलणारे. त्यांनी विचारलं, "मास्टर, आ बधुं शुं चाले छे?"

"उपासना."

"एम नहीं. तुमच्याकडे कोण काय करतो, काही ठिकाणा नाही. न शिकलेली माणसं पुढे उभी राहतात. हवे आपणे एक काम करिये. वरून एक ट्रेनिंगवाला माणूस आणू, पगारी. तुमची मंडळी सकाळी आमच्यात बसेल. महिन्यातून दोन गाणी मराठी घेऊ. तुम्हालाही आराम."

"तो माणूस आजारी पडला तर?"

"दुसरा बोलावू."

"तो येईपर्यंत?"

अध्यक्ष हसले. "मास्टर, तुमचं तरी वेगळं काय आहे? सगळं तुमच्यावर उभं आहे. तुम्ही खिडकीत उभे असता म्हणून ती माणसं चालतात. तमे नहीं होव, ते दिवसे बंद."

मास्टरांची मान ताठ झाली. "होणार नाही बंद."

"ठीक आहे, मग माझं ऐका. ज्या रविवारी तुम्ही नसाल, त्या रविवारी चारची उपासना वेळेवर सुरू झाली आणि पूर्ण झाली, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. मारी जबान. पण अर्धी राहिली, की चारची वेळ बंद. कबूल?"

"कबूल," मास्टर म्हणाले. मला विचारलं नाही, मंडळीला विचारलं नाही. चाळीस माणसांची मराठी प्रार्थना त्यांनी एका शब्दावर लावली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हे तुम्ही कुणाच्या जोरावर कबूल केलंत?"

"तुमच्या," म्हणाले, आणि रिक्षाला हात केला.

त्यानंतर कमिटीचे सेक्रेटरी दर रविवारी चारला येऊन शेवटच्या बाकावर, माझ्या जुन्या जागेवर, बसू लागले. चांगले गृहस्थ, एकही गाणं चुकवायचे नाहीत. पण सुरुवातीला घड्याळ बघायचे आणि शेवटी बघायचे. मी मास्टरांना सुचवलं, एक रविवार मुद्दाम घरी राहा, म्हणजे एकदाचं होऊन जाईल. ते ऐकेनात. म्हणाले, खोटं आजारपण कशाला, वेळ येईल तेव्हा येईल. खरं कारण मला दिसत होतं. त्यांनाही खात्री नव्हती. कापसाच्या आणि सुताच्या धुळीने छाती भरली होती, जिना चढताना तीनदा थांबत, अंगात ताप घेऊन एकदा आले. पण रविवार चुकवला नाही. दुसऱ्यांना उभं करणारा हा माणूस आपण नसल्यावर ती उभी राहतील की नाही, या भीतीने खिडकीपाशी येऊन उभा राहायचा. मला ते त्यांच्या सगळ्या शहाणपणापेक्षा जास्त आवडतं.

मग तो रविवार आला. साडेतीनला अकोल्याचे भाऊ मोटरसायकलवरून आले आणि म्हणाले, मास्टरांना पहाटे दवाखान्यात नेलंय, ऑक्सिजन लावलाय, मुलगी जवळ आहे. दारात गर्दी झाली. निम्मे म्हणू लागले, चला, आधी तिकडे. मावशींनी पदर खोचला होता. मी आत पाहिलं. सेक्रेटरी शेवटच्या बाकावर बसलेले होते. त्यांनी घड्याळ बघितलं नाही, बिचाऱ्यांनी मान खाली घातली.

त्या दिवशी उपासना चालवायची पाळी माझी होती. मी म्हटलं, "चार वाजले." एवढंच. माझ्या आवाजावर कुणी आत येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आले.

दुसरं गाणं चालू असताना फोन थरथरला आणि मी व्हरांड्यात गेले. ती रडत नव्हती. म्हणाली, "बाई, पप्पा गेले. सगळ्यांना घेऊन या. मी इथे एकटी आहे."

मी 'येतो आम्ही' म्हटलं की नाही, मला आठवत नाही. अकोल्याचे भाऊ पायरीवर बसले होते. त्यांना माझ्या तोंडावरून कळलं. मी म्हटलं, "आत सांगितलं तर सगळे उठतील." त्यांना त्या कबुलीविषयी ठाऊक होतं, मास्टरांनी खात्यात सगळ्यांना सांगितलं होतं, फुशारकीने. ते उठले. "तुम्ही आत जा बाई. पोरीजवळ मी जातो." आणि गेले.

मी आत आले तेव्हा मावशी आजाऱ्यांसाठी उभ्या होत्या. पहिलं नाव त्यांनी मास्टरांचं घेतलं. देवाला म्हणाल्या, त्यांच्या छातीतली धूळ काढून टाक, पुढच्या रविवारी त्यांना खिडकीपाशी उभं कर. सगळी मंडळी "हो प्रभू" म्हणाली. मी बाजूला उभी होते. मला एकटीलाच ठाऊक होतं. माझा हात मावशींच्या खांद्यावर पडायचा होता. पुढची पाळी माझी होती. मी तो ठेवला. त्या गप्प झाल्या आणि मी पुढे घेतलं. मास्टरांचं नाव पुन्हा घेतलं. त्यांना बरं कर असं मी म्हटलं नाही. त्यांचं नाव घेतलं, आणि मग हजीऱ्याच्या एका माणसाचा पाय मोडला होता, त्याचं नाव घेतलं, आणि तसंच पुढे.

पाठ झाला, बोध झाला, शेवटचं गाणं झालं. आशीर्वादाच्या ओळी डाइंग मिलवाल्या भाऊंनी म्हटल्या. साडेपाच वाजले होते. मग मी सांगितलं.

दवाखान्याच्या पायरीवर मास्टरांची मुलगी उभी होती. शेजारी अकोल्याचे भाऊ, आणि खात्यातले आणखी तिघं. तिने माझ्याकडे बघितलं. उपासना थांबवली नाही, हे कुणीतरी तिला सांगितलं होतं.

"तासभर," ती म्हणाली. "तासभर तुम्ही गाणी म्हणत होतात."

मी पायरी चढून तिच्याजवळ गेले.

"मंडळीतलं एकही माणूस आलं नाही. खात्यातले आले. पप्पांनी तुम्हा सगळ्यांना उभं केलं, माझ्या शाळेच्या सभेला कधी आले नाहीत. मला सायकल शिकवली तीसुद्धा हात मागे बांधून. दोनदा हनुवटी फुटली माझी. आणि तुम्ही, तुम्हीपण तशाच निघालात."

हे सगळं तिचं बरोबर आहे. एकही शब्द खोडून काढण्यासारखा नाही. मी तिला तासभर एकटं ठेवलं, आणि ज्या तासात ठेवलं तो पुन्हा येणार नाही. पण कुणी मला विचारलं, की तो रविवार पुन्हा आला तर काय करशील, तर मी तेच करीन. रडत करीन, पण तेच करीन. मास्टरांनी जे कबूल केलं होतं ते माझ्या जोरावर केलं होतं; ते खरं होतं की नाही हे ठरवणारा तेवढा एकच तास होता, आणि तो माझ्याकडे आला होता.

पुरल्यानंतर कबरस्तानाच्या फाटकाशी एका बाईंनी मला गाठलं. "मेलेल्या माणसासाठी आम्हाला बरं होण्याची प्रार्थना करायला लावलीत तुम्ही. शरम नाही वाटली?"

माझ्याआधी मावशीच वळल्या. "प्रार्थना मी केली गं, त्यांनी नाही केली. आणि वाया गेली असं तुला कुणी सांगितलं? छातीतली धूळ काढ म्हटलं होतं, काढली त्याने." मावशी माझ्याकडेही रागानेच बघत होत्या. "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. मी नसते थांबले असं वाटलं का तुम्हाला?"

हा एक प्रश्न मला अजून बोचतो. कारण मला तसंच वाटलं होतं. मी त्यांच्यावर विश्वास टाकला नाही. सगळं एकटीच्या हातात धरून ठेवलं, आणि मास्टर असते तर नेमकं याच गोष्टीसाठी मला झापलं असतं.

अध्यक्ष मातीला आले होते. जाताना माझ्यापाशी थांबले. "बेन, सेक्रेटरीने मला सांगितलं. मी जबान दिली होती." मग म्हणाले, "पण तुम्ही असं करायला नको होतं. आम्ही इतके कठोर नाही." असतील. त्या दिवशी मला ते आजमावून बघायचं नव्हतं.

चार कुटुंबं आम्हाला सोडून सकाळच्या उपासनेला गेली. मास्टरांची मुलगी त्यांच्याबरोबर बसते. मी दोनदा तिच्या घरी गेले. एकदा दार उघडलं नाही, एकदा तिने उघडलं आणि उभ्याउभ्याच बोलली, पुन्हा येऊ नका म्हणून. मी तिसऱ्यांदा जाणार आहे.

चारची उपासना चालू आहे. आजाऱ्यांची यादी आता डाइंग मिलवाल्या भाऊंकडे आहे आणि मावशी पाठ वाचायला शिकताहेत, अजून अक्षराला अक्षर जोडून. गेल्या रविवारी मला ताप होता, मी गेले नाही. सव्वीस जण आले होते.